हात वर न करणाऱ्यांचा इतिहास

आधी एक सोपा हिशोब करू. परकी भाषा शिकवणारा एक वर्ग आहे. 50 मिनिटांचा तास, 30 विद्यार्थी. शिक्षक फार बडबडे नाहीत, निम्माच वेळ बोलतात, असं धरू. उरलेली 25 मिनिटं 30 जणांत अगदी समान वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला 50 सेकंद येतात. आठवड्याला तीन तास आणि वर्षाचे 30 आठवडे धरले, तर वर्षाचे 90 तास होतात. म्हणजे वर्षभरात एका विद्यार्थ्याला ती भाषा वर्गात बोलायला मिळते फक्त 75 मिनिटं. मराठी सिनेमाचं मध्यंतर साधारण तेवढ्यात होतं.

आणि हे झालं समान वाटणीचं गणित. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. हात वर करणारे चार-पाच जण ठरलेले असतात. वर्गाची सगळी मिनिटं तेच खाऊन टाकतात. उरलेले वर्षभर मान डोलावतात, फळ्यावरचं वहीत उतरवतात, परीक्षेत लिहून पास होतात आणि मग जन्मभर सांगत राहतात, ‘दहा वर्षं इंग्रजी शिकलो, पण बोलायची वेळ आली की त-त-प-प होतं.’

या गप्प बसणाऱ्यांना बोलतं करायला वर्गात चॅट वापरावं, ही कल्पना आपल्याला लॉकडाउनमधली वाटते. ती त्याहून 35 वर्षं जुनी आहे. इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या आधीची, मोबाइल खिशात येण्याच्या आधीची. आणि ती जिथे रुजली ती जागा मला फार बोलकी वाटते. तो होता कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या कॉलेजातला इंग्रजीचा वर्ग. या लेखात मला तिथून इथपर्यंतचा रस्ता सांगायचा आहे. कारण त्या रस्त्यावर जे कळलं होतं, ते आपण 2020मध्ये घाईघाईत चॅट सुरू केलं तेव्हा बरंचसं विसरून गेलो होतो.

प्रश्न, उत्तर, शेरा

वर्गात मुलं गप्प का बसतात? ‘लाजाळू आहेत’, ‘अभ्यास नसतो’, ‘इंटरेस्ट नाही’ ही नेहमीची उत्तरं. पण 1970च्या दशकात काही संशोधकांनी मुलांच्या स्वभावाकडे न बघता वर्गातल्या बोलण्याच्या रचनेकडे बघायला सुरुवात केली.

1975 साली बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्टहार्ड यांनी वर्गातल्या संवादाची चिरफाड करून दाखवलं, की तो एका ठरलेल्या ठेक्यावर चालतो. शिक्षक प्रश्न विचारतात, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक त्यावर शेरा देतात. प्रश्न, उत्तर, शेरा. पुन्हा प्रश्न, उत्तर, शेरा. म्हणजे दर तीन वाक्यांमागे दोन शिक्षकांची. शिवाय मधलं जे एक वाक्य विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं, ते फक्त उत्तर असतं. प्रश्न विचारणं, विषय बदलणं, दुसऱ्याचं बोलणं खोडून काढणं, थट्टा करणं, ‘म्हणजे काय?’ असं अडवणं, या सगळ्या गोष्टी भाषेत रोज लागतात. वर्गात मात्र त्या करायची सोयच नसते.

त्याच सुमारास अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिका विज्ञानाच्या वर्गांत घड्याळ लावून बसल्या होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट किती वेळ पाहतात, हे त्यांनी मोजलं. साधारण एक सेकंद. तेवढ्यात कोणी बोललं नाही, तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. आता विचार करा, हे मुलांच्या नेहमीच्या भाषेत चाललेल्या वर्गांबद्दल आहे. परक्या भाषेत शब्द शोधायचा, क्रियापद जुळवायचं, उच्चार आठवायचा आणि 30 जणांसमोर तोंड उघडायचं, हे एका सेकंदात कोणाला जमणार? ज्याला आधीच येतं त्याला. म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वांत कमी, त्यालाच सराव सर्वांत जास्त.

1986मध्ये ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातल्या इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भीतीला मोजपट्टी लावली. 33 विधानांची प्रश्नावली होती ती. परकी भाषा शिकताना वाटणारी भीती ही एक वेगळी, ओळखता येणारी गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. गणितात चुकलो तर उत्तर चुकतं. परक्या भाषेत चुकलो तर आपण स्वतःच चुकल्यासारखं वाटतं. एरवी विनोदी, हुशार असलेला माणूस तिथे तीन वर्षांच्या पोरासारखा बोलतो, आणि ते त्याला स्वतःला ऐकू येत असतं.

थोडक्यात, रोग ठाऊक होता. भाषेच्या वर्गात एका वेळी एकानेच बोलायचं असतं, त्यामुळे बोलण्याची रांग लागते. आणि रांगेत नेहमी धीट माणूस पुढे असतो. ही रांगच मोडता आली तर?

मोडीत निघालेली यंत्रं

टायपिंगने गप्पा मारण्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण सुरुवात इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो या संगणक यंत्रणेपासून करतात. शिक्षणासाठीच बनवलेल्या या यंत्रणेवर 1973मध्ये डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी टॉकोमॅटिक नावाची सोय तयार केली. पाच जण एकाच वेळी टाइप करायचे आणि प्रत्येकाचं अक्षरन् अक्षर इतरांना उमटताना दिसायचं. ही आजच्या चॅटची थेट पूर्वज.

पण त्याच्याही नऊ वर्षं आधी टायपिंगने गप्पा मारणारी माणसं होती. 1964 साली कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने एक जोडणी तयार केली. तिच्यामुळे मोडीत निघालेली अवजड टेलिटाइप यंत्रं साध्या टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी बोलू लागली. दंतवैद्यक शिकलेले जेम्स मार्स्टर्स आणि अँड्र्यू सॅक्स हे त्यांचे साथीदार, तेही कर्णबधिर. टेलिफोन येऊन जवळजवळ 90 वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं कर्णबधिरांना त्याचा उपयोग शून्य होता. शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘जरा फोन लावून द्या’ म्हणावं लागायचं. आता एका घरात बोटं चालली की दुसऱ्या घरातल्या कागदावर अक्षरं उमटू लागली.

या यंत्रांची एक मर्यादा होती. दोघांनी एकदम टाइप केलं की अक्षरांची खिचडी व्हायची. म्हणून एक रीत पडली. आपलं बोलून झालं की शेवटी ‘जीए’ टाइप करायचं, म्हणजे ‘गो अहेड’, आता तू बोल. संभाषण संपवायचं असेल तर ‘एसके’, म्हणजे ‘स्टॉप कीइंग’. वाहतूक पोलिसाच्या हातासारखी ही दोन अक्षरं बोलण्याचा हक्क इकडून तिकडे फिरवत असत. लेखी गप्पा सुरू झाल्या होत्या, पण रांग अजून शाबूत होती.

ज्यांना इंग्रजी कधी ऐकू आलं नाही

वॉशिंग्टनमधलं गॅलॉडेट हे कर्णबधिरांसाठीचं उच्च शिक्षणाचं ठिकाण. 1864 साली अब्राहम लिंकन यांच्या सहीने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. इथल्या इंग्रजीच्या वर्गाची अडचण समजून घ्यायची तर आणखी एक तारीख लागते. 1880मध्ये मिलान शहरात भरलेल्या परिषदेत कर्णबधिरांच्या शिक्षकांनी ठराव केला, की मुलांना खुणांच्या भाषेत नव्हे, तोंडी भाषेतच शिकवावं. त्यानंतर कित्येक दशकं जगभरच्या शाळांमध्ये मुलांचे हात अडवले गेले. ओठ वाचा, आवाज काढा, खुणा करू नका.

1960मध्ये गॅलॉडेटच्याच इंग्रजी विभागातले विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिलं, की कर्णबधिरांच्या खुणा म्हणजे हातवारे नव्हेत. ती स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. आज आपण तिला अमेरिकन साइन लँग्वेज म्हणतो. सुरुवातीला त्यांच्याच कॉलेजात त्यांची टर उडवली गेली. पण त्यांचं म्हणणं मान्य केलं की एक गोष्ट आपोआप उलगडते. खुणांच्या भाषेत वाढलेल्या या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी ही दुसरी भाषा आहे. म्हणजे गॅलॉडेटचा इंग्रजीचा वर्ग हा खऱ्या अर्थाने परक्या भाषेचा वर्ग होता, आणि तोही सर्वांत अवघड अटींवरचा.

अवघड अशासाठी, की आपण शाळेत इंग्रजी शिकतो तेव्हा ती निदान कानावर पडते. टीव्हीवर, गाण्यांत, रेल्वे स्टेशनच्या घोषणांत. या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी फक्त कागदावर होती. त्यांची वर्गातली चर्चा खुणांनी चालायची आणि इंग्रजी अवतरायची ती निबंधाच्या रूपात. निबंध लिहायचा, द्यायचा, आणि काही दिवसांनी लाल शाईने भरून परत घ्यायचा. जी भाषा माणूस फक्त चुका काढून घेण्यासाठी वापरतो, ती त्याला आपली कशी वाटेल? त्या भाषेत त्यांनी कधी कोणाची खोडी काढली नव्हती, वाद घातला नव्हता, गप्पा छाटल्या नव्हत्या.

1985मध्ये तिथले इंग्रजीचे प्राध्यापक ट्रेंट बॅटसन यांनी वर्गातले संगणक एकमेकांना जोडले आणि इंग्रजीचा तास त्या जोडणीवर घ्यायला सुरुवात केली. या उपक्रमाचं नाव एन्फी. पडद्याचे दोन भाग असायचे. खालच्या भागात तुम्ही तुमचं वाक्य लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. ते फक्त तुम्हाला दिसणार. पाठवलं की ते वरच्या भागात सगळ्यांना दिसणार, नावासकट. आज आपल्या हातात जे आहे, हुबेहूब तेच.

यातला खालचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे मेरी बड रो यांचे ते तीन सेकंद, आणि त्याहूनही जास्त. तिथे तुम्ही चाचपडू शकता आणि कोणी बघत नाही. आणि इथे ‘जीए’ची गरज नव्हती. सगळे एकाच वेळी लिहू शकत होते. कोणाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर आदळत नव्हतं. रांग मोडली होती.

मघाचा हिशोब पुन्हा करून बघा. 30 जणांची 20 मिनिटांची तोंडी चर्चा असेल आणि शिक्षकांनी चकार शब्द काढला नाही, तरी प्रत्येकाला 40 सेकंद. तीच 20 मिनिटं लेखी गप्पांची असतील, तर प्रत्येकाला 20 मिनिटं.

गॅलॉडेटच्या विद्यार्थ्यांसाठी तर हा हिशोबापलीकडचा बदल होता. इंग्रजी त्यांच्यासाठी पहिल्यांदा वर्गात ‘चालू’ झाली. प्रश्न इंग्रजीत, टोमणा इंग्रजीत, उत्तर इंग्रजीत, आणि त्याच क्षणी. तीन वर्षांनी, मार्च 1988मध्ये, याच गॅलॉडेटच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन करून परिसर बंद पाडला. कर्णबधिर अध्यक्ष हवा ही त्यांची मागणी होती, कारण 124 वर्षांत एकही झाला नव्हता. आठवड्याभरात आय. किंग जॉर्डन हे संस्थेचे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. संगणकाच्या वर्गामुळे आंदोलन झालं असं मी अजिबात म्हणत नाही. पण बोलण्याचा हक्क कोणाकडे आहे, हा प्रश्न त्या आवारात किती धगधगत होता, हे त्यावरून कळतं.

सगळ्यात गप्प कोण?

एन्फी गॅलॉडेटपुरतं राहिलं नाही. कार्नेगी मेलन, मिनेसोटा विद्यापीठ अशा ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ठिकाणीही ते गेलं. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात इंग्रजीच्या तरुण संशोधकांनी 1988च्या सुमारास डिडॅलस नावाचा गट काढून इंटरचेंज नावाचा प्रोग्रॅम तयार केला. कल्पना तीच. आणि लक्षात घ्या, भाषेच्या भीतीची प्रश्नावली जिथे तयार झाली, तेच हे विद्यापीठ. तिथून ही गोष्ट परक्या भाषांच्या वर्गांत शिरली. ऑर्लँडो केल्म यांनी पोर्तुगीजच्या वर्गात ती वापरली, मार्गारेट बोव्वा यांनी फ्रेंचच्या. बोव्वा यांनी 1992च्या लेखात या प्रकाराला जे नाव दिलं ते मला फार आवडतं. स्लो मोशनमधलं संभाषण. क्रिकेटमध्ये रिप्लेत बॅटचा कोन दिसतो, तसं इथे वाक्य तयार होताना दिसतं.

सांता बार्बराला डोरोथी चुन जर्मनच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर हेच करत होत्या. 1994च्या त्यांच्या लेखातलं निरीक्षण थेट ‘प्रश्न, उत्तर, शेरा’ या ठेक्याला भिडतं. पडद्यावर विद्यार्थी एकमेकांना प्रश्न विचारत होते, खुलासे मागत होते, विषय आपणहून पुढे नेत होते. शिक्षकाकडे तोंड करून बोलणारा वर्ग एकमेकांकडे वळला होता.

1995मध्ये बर्कलीच्या रिचर्ड कर्न यांनी मोजमाप मांडलं. दुसऱ्या सत्राची फ्रेंच शिकणारे 40 विद्यार्थी होते. तोंडी चर्चा आणि इंटरचेंजवरची चर्चा अशी तुलना केली. इंटरचेंजवर विद्यार्थी दुपटीपासून साडेतीनपटीपर्यंत जास्त वेळा ‘बोलले’, आणि त्यांची वाक्यं दुपटीपासून चौपटीपर्यंत जास्त भरली.

तरी माझा सगळ्यात आवडता अभ्यास त्याच्या पुढच्या वर्षीचा आहे. हवाई विद्यापीठात मार्क वॉरशॉअर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या 16 विद्यार्थ्यांचे चार-चारचे गट केले. फिलिपीन्स, जपान, चीन आणि व्हिएतनाममधून आलेली मुलं. प्रत्येक गटाने एक चर्चा तोंडी केली आणि एक चॅटवर. मग वॉरशॉअर यांनी एक मजेशीर गोष्ट केली. देशातली उत्पन्नाची विषमता मोजायला अर्थशास्त्रज्ञ जो जिनी गुणांक वापरतात, तो त्यांनी बोलण्याला लावला. कोणाकडे किती पैसे याऐवजी कोणाकडे किती शब्द.

उत्तर स्वच्छ होतं. चॅटवर शब्दांची वाटणी तोंडी चर्चेपेक्षा बरीच जास्त समान होती. तोंडी चर्चेत सर्वांत गप्प होते जपानी विद्यार्थी, आणि चॅटवर त्यांचाच वाटा ठळकपणे वाढला. शिवाय चॅटवरची भाषा शब्दांनी आणि वाक्यरचनेने जास्त समृद्ध होती. म्हणजे ज्यांना आपण ‘येत नाही म्हणून गप्प आहेत’ समजतो, त्यांना येत होतं. त्यांच्यापर्यंत पाळी पोचत नव्हती.

वर्गात शब्दांचेही श्रीमंत आणि गरीब असतात, हे कोणीतरी आकड्यात मांडलं, याचं मला अप्रूप वाटतं.

टोपणनावांचा तास

इथवर वाचून सगळं गोड वाटत असेल तर थांबा. याच मंडळींनी कडू बाजूही लिहून ठेवली आहे.

ऑस्टिनचेच लेस्टर फेगली यांनी 1992च्या ‘फ्रॅगमेंट्स ऑफ रॅशनॅलिटी’ या पुस्तकात आपल्या वर्गातली एक चर्चा दिली आहे. त्या तासाला विद्यार्थी टोपणनावं घेऊन लिहीत होते. बघता बघता चर्चा भरकटली आणि टोमणे, शिवराळ शेरेबाजी यांवर गेली. शिक्षकाचं कोणी ऐकेना, कारण पडद्यावर शिक्षकाचं वाक्यही इतर वाक्यांसारखंच वर सरकून जातं. आज कुठल्याही कमेंट बॉक्समध्ये जे दिसतं, त्याची ही छोटी आवृत्ती इंटरनेट घरात यायच्या आधी एका वर्गात घडून गेली होती. रांग मोडली की लाजाळू माणूस पुढे येतो, तसा दांडगाईखोरही येतो.

कर्न यांनीही आपल्या आकड्यांखाली इशारा लिहिला. व्याकरणाची अचूकता, शैली, मुद्द्याची सलगता हे सगळं हवं असेल तर हे साधन त्यासाठी नाही. दहा धागे एकदम चालतात, एकाचं उत्तर चार वाक्यांनंतर येतं, वाचता वाचता दमछाक होते.

आणि सगळ्यात उघड आक्षेप असा, की भाषा बोलायला शिकायची आहे आणि तुम्ही मुलांना टाइप करायला बसवता? याचं उत्तर 2002 साली स्कॉट पेन आणि पॉल व्हिटनी यांनी शोधलं. स्पॅनिश शिकणारे काही वर्ग नेहमीसारखे चालले. इतर वर्गांत आठवड्याच्या चार तासांपैकी दोन तास चॅटवर झाले. सत्राच्या शेवटी सगळ्यांची तोंडी परीक्षा घेतली. चॅटवाल्यांची बोलण्यातली प्रगती जास्त निघाली. त्यामागचा तर्क असा, की बोलताना डोक्यात ज्या पायऱ्या असतात, विचार जुळवणं, शब्द शोधणं, वाक्य बांधणं, त्या सगळ्या टाइप करतानाही होतात. राहतो फक्त उच्चार. आणि टाइप करताना मागचं वाक्य डोक्यात धरून ठेवावं लागत नाही, ते समोर दिसत असतं. व्यायामशाळेत आधी हलक्या वजनाने हात बसवतात, तसं.

गॅलॉडेटच्या प्रयोगावर 1993मध्ये बर्ट्रम ब्रूस, जॉय क्रीफ्ट पेटन आणि ट्रेंट बॅटसन यांनी एक पुस्तक संपादित केलं. त्याचा सूर माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचं सार आहे. तंत्र एकच असलं तरी प्रत्येक वर्गात ते वेगळं होऊन बसतं. एका शिक्षकाच्या हातात ते गप्पांचं अंगण होतं, तर दुसऱ्याच्या हातात तोच जुना फळा, फक्त विजेवर चालणारा.

‘होस्ट ओन्ली’

मग आला मार्च 2020. शाळा-कॉलेजं एका फटक्यात पडद्यावर गेली. जी गोष्ट मिळवण्यासाठी बॅटसन यांना खास प्रयोगशाळा उभी करावी लागली होती, ती प्रत्येक ऑनलाइन वर्गाच्या कोपऱ्यात फुकट पडलेली होती.

त्या वर्षी मी एका ऑनलाइन जर्मन वर्गात विद्यार्थिनी होते. वर्गात 20-22 जण. पहिले काही तास चॅट सगळ्यांसाठी खुलं होतं. बाईंनी प्रश्न विचारला की आवाज यायचा तो तीन-चार जणांचाच, पण चॅटमध्ये उत्तरांची रीघ लागायची. एक मुलगी होती, नगरकडच्या एका गावातून जोडलेली. कॅमेरा बंद, माइक बंद. नेट जेमतेम. तिचा आवाज मी पूर्ण कोर्समध्ये एकदाही ऐकला नाही. पण चॅटमध्ये ती क्रियापद वाक्याच्या शेवटी नेमकं बसवायची, आणि एकदा तर पुस्तकातल्या धड्यावर तिने जर्मनमध्ये कोटी केली. आम्ही सगळे हसलो, आपापल्या घरात.

मग चॅटमध्ये मराठी गप्पा वाढल्या, कोणीतरी फॉरवर्ड टाकले, आणि ‘गोंधळ नको’ म्हणून चॅटची सेटिंग बदलली. आता विद्यार्थ्यांचं लिहिलेलं फक्त बाईंना दिसणार. ‘होस्ट ओन्ली’. बाईंचंही चूक नव्हतं. बोलायचं, पीपीटी सरकवायची, हजेरी घ्यायची आणि वर चॅट वाचायचं, हे एकटीने किती करणार? पण त्या एका क्लिकने काय झालं ते मला नंतर हा इतिहास वाचताना समजलं. पुन्हा तीच रचना आली. प्रश्न, उत्तर, शेरा. उत्तरं एकमेकांना दिसेनाशी झाली, आणि वर्ग पुन्हा एका माणसाकडे तोंड करून बसला. ती मुलगी लिहायची हळूहळू थांबली.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी पदर आहेत. ऑस्टिनच्या वर्गात प्रत्येकासमोर एक संगणक होता. लॉकडाउनमध्ये आपल्या कित्येक घरांत तीन भावंडांत एक फोन होता, आणि तोही संध्याकाळी बाबा कामावरून आले की हाती यायचा. म्हणजे हजेरीचीच रांग फोनपाशी लागत होती. शिवाय चॅट नवे श्रीमंत तयार करतं. ज्याची बोटं भरभर चालतात, तो पुढे. पूर्वी हात आधी वर करणारा जिंकायचा, आता सेंड आधी दाबणारा. म्हणून वॉरशॉअर यांनी गट चौघांचे ठेवले होते, ही बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 60 जणांच्या एका ग्रुपमध्ये लाजाळू माणूस पुन्हा हरवतो. चौघांत हरवायला जागा नसते.

आणि इंटरचेंजवाल्या शिक्षकांची आणखी एक सवय आपण उचललीच नाही. तास संपला की ते संपूर्ण संभाषणाची प्रिंट काढू शकत, आणि तीच पुढच्या तासाची पाठ्यपुस्तकाची पानं व्हायची. कोणाचं वाक्य छान जमलंय, कुठे काळ चुकलाय, हा मुद्दा आणखी कसा मांडता आला असता. मग त्यावर तोंडी बोलायचं. चॅट हा बोलण्याला पर्याय नव्हता, तो बोलण्याकडे जाणारा जिना होता. आपण बहुतेकदा जिना उभा केला, आणि वर जायच्या आधीच मीटिंग संपवली.

आता तर बोलायला माणूसही लागत नाही. चॅटबॉट रात्री दोन वाजताही तुमच्याशी फ्रेंचमध्ये बोलतो, चुकलं तरी हसत नाही. भीती घालवायला ते बरंच. पण हवाईच्या त्या जपानी विद्यार्थ्यांना जे मिळालं, ते नुसतं सरावाचं यंत्र नव्हतं. त्यांचं म्हणणं गटातल्या बाकी तिघांना वाचावं लागलं, त्यावर उत्तर द्यावं लागलं. गॅलॉडेटच्या वर्गातही मुलं संगणकाशी बोलत नव्हती, एकमेकांशी बोलत होती. वर्गात गप्प बसणाऱ्याला शब्द तर हवे असतातच, पण आपलं बोलणं कोणीतरी ऐकतंय हेही हवं असतं.

म्हणून या इतिहासातून मी जे उचललं, त्याला ॲप लागत नाही. तुम्ही शिक्षक असाल, क्लास घेत असाल, चार मित्रांना इंग्रजी नाहीतर जपानी शिकवत असाल, तर प्रश्न विचारल्यावर लगेच हात मोजू नका. दोन मिनिटं सगळ्यांना लिहू द्या, फोनवर किंवा वहीच्या मागच्या पानावर. मग ते पान शेजाऱ्याला द्या, आणि त्याने त्याखाली उत्तर लिहायचं. नंतर बोला. नेट गेलं तरी हे चालतं.